पूर्वी स्टारचा फेरफार

आमच्या सातारा भागात जुन्या गावांतून कुठं चावडीवर, कुठं देवळाच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, त्यातली इतकी कामी आली, एवढाच मजकूर. आकडे आहेत, नावं नाहीत. अपशिंगे गावाला तर नावापुढं ‘मिलिटरी’ लागलं. तिथले ४६ जण त्या युद्धात गेले, असं सांगतात. पाटीपुढं उभं राहिलं की वाटतं, मोजदाद ठेवणाऱ्याला नाव लिहायला किती शाई लागली असती?

पुढं शंभर वर्षांनी, २०२१ साली, राष्ट्रकुलातल्या युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या आयोगानं स्वतःच अहवाल काढून कबूल केलं, की हिंदुस्थानी, आफ्रिकी, इजिप्ती अशा ४५ ते ५४ हजार मृत सैनिकांचं स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीनं केलं गेलं नाही. कबूल केलं हे बरं झालं. ऐकायला मात्र त्यांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं.

ही झाली मेलेल्यांची तऱ्हा. जिवंत परत आलेल्यांची नोंद तरी धड असते का, हे मला बघायला लागलं ते आमच्या अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. १९६६ साली भरती झाले, फौजेत ड्रायव्हर होते. त्यांच्या पलटणीचं नाव मी इथं लिहीत नाही. चूक कुणा एका लिहिणाऱ्याची, आणि नाव सगळ्या पलटणीचं खराब व्हायचं.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या लोकांना माहीत नसते. पदकं दोन जातींची. एक पराक्रमाचं. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढले आणि जिवंत परत आले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. असल्या पदकाचं नाव सरकारी गॅझेटात छापून येतं. ते हरवत नाही. कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

दुसरी जात हजेरीच्या पदकाची. अमुक लढाईच्या वेळी हा माणूस अमुक भागात कामावर होता, एवढंच ते सांगतं. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वेला होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिमेला होता त्याला पश्चिमी स्टार, आणि त्या वेळी जो जो फौजेत होता त्याला संग्राम मेडल. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं मेडल. या पदकांना पैसा नाही, जमीन नाही, की पेन्शनीत वाढ नाही. गॅझेटात नावही नाही. पलटणीच्या कारकुनानं यादीत नाव घातलं तर घातलं.

अण्णांच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात एकच ओळ होती, १९७२ च्या त्या २५ वर्षांच्या मेडलची. १९७१ चं काहीच नाही. आणि अण्णा तर बांगलादेशच्या लढाईला गेलेले!

पन्नास वर्षं त्यांनी या गोष्टीचा शब्द काढला नव्हता. सात वर्षं नोकरी, मग १९७३ ला रिझर्व्हवर घरी, पंधरा वर्षं भरल्यावर रिझर्विस्टची थोडीशी पेन्शन, आणि उरलेला जन्म ऊस आणि म्हशी. २०२१ साली विजयाला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्याकडं १९७१ च्या जवानांचा सत्कार ठरला. आयोजकांनी नावं काढली ती डिस्चार्ज बुकावरून. पूर्वी किंवा पश्चिमी स्टार असेल त्याला शाल आणि नारळ. अण्णांचं बुक बघून त्या पोरानं परत दिलं. म्हणाला, “आजोबा, तुम्ही फौजेत होता, पण लढाईत नव्हता.” अण्णा तिथं काही बोलले नाहीत. घरी येऊन म्हणाले, “मला बिल्ला नगं रं. पर म्या तिथं हुतो का न्हवतो, एवढं कुणीतरी लिव्हून द्या.”

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. डाव्या डोळ्यानं दिसायचं कमी झालेलं. मी कागद हातात घेतले ते यासाठी.

पहिला अर्ज मी साधाच केला. उत्तर आलं, सदर पदकांची नोंद आढळत नाही, सबब पात्रता ठरत नाही. नोंद नाही म्हणून तर अर्ज केला होता! पण जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एक माजी हवालदार कामाला होते. त्यांनी मला बसवून घेतलं आणि सगळी रीत समजावली. मी शेतकरी माणूस, मला ती आपल्या भाषेतच कळली. सातबारावर नाव आपोआप चढत नाही. आधी फेरफार पडावा लागतो, मग सातबारा, आणि आपल्या हातात येतो तो उतारा. फौजेतही तसंच. माणूस कुठं गेला, कुठून आला, काय मिळालं, त्याचा एक हुकूम निघतो, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तो झाला फेरफार. त्यावरून माणसाच्या शीट रोलवर नोंद चढते, तो सातबारा. डिस्चार्ज बुक हा नुसता उतारा. “तुम्ही उतारा दुरुस्त करा म्हणताय,” हवालदार म्हणाले, “फेरफार कुठाय?”

आणि त्यांनी एक भीतीही घातली. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. मागं राहतो तो लाँग रोल. अण्णांना तुटपुंजी का होईना पेन्शन होती, म्हणून शीट रोल असायची आशा होती.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अण्णांच्या सहीनं शीट रोलची नक्कल मागितली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत गरिबाला मिळालेली सगळ्यात स्वस्त आणि कामाची वस्तू हीच. महिन्याच्या आत झेरॉक्स आली. पुसट, पण वाचता येत होती. तिच्यात सगळा उलगडा होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये अण्णांना गाडीसकट दुसऱ्या युनिटला जोडून दिलेलं. त्याची तारीख आणि ऑर्डरचा नंबरही होता. मार्च १९७२ ला परत. म्हणजे लढाईच्या १४ दिवसांत, ३ ते १६ डिसेंबर, अण्णा आपल्या पलटणीच्या हजेरीवर नव्हते, आणि ज्यांच्याकडं होते त्यांच्या दृष्टीनं ते पाहुणे. पदकांच्या याद्या झाल्या तेव्हा ह्यांना वाटलं ते पाठवतील, त्यांना वाटलं हे पाठवतील. पदकं प्रत्यक्ष वाटेपर्यंत अण्णा घरी नांगर धरून उभे. बांधावरच्या झाडासारखी गत, दोन्हीकडचे म्हणणार शेजाऱ्याचं आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत या लोकांना जागा नसते. जामालपूरची लढाई वाचायला मिळते. मराठ्यांच्या जंगी पलटणीनं तिथं पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पलीकडच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. गोष्ट झकास आहे आणि खरी आहे. पण त्या सगळ्या पलटणींच्या मागं दारूगोळा, पाण्याची पिंपं आणि डाळ-पीठ घेऊन कुणीतरी रात्री दिवे न लावता गाडी हाकत होतं. परत येताना त्याच गाडीत जखमी. अण्णांना लढाईचं विचारलं की ते चिखलाचं सांगतात. कापलेल्या भाताच्या खाचरात चाक कसं रुतायचं, पूल तोडलेले असायचे तिथं गावची माणसं फळ्या आणि बांबू घेऊन कशी धावत यायची. “जमीन लई चांगली हाय त्यांची, नुसता गाळ,” हे तर दरवेळी.

शीट रोलवरून जोडून दिल्याचं दिसत होतं. पण ते दुसरं युनिट पूर्वेला होतं आणि अण्णा त्याच्याबरोबर खरोखर सरहद्दीपलीकडं गेले, याला त्या वेळचा कागद पाहिजे होता. हवालदारांनी बजावलं होतं, आठवण चालत नाही, त्या दिवसाचा कागद लागतो.

तो कागद आमच्याच घरात होता. १९७१ ला मी पाचवीत होतो. घरात वाचता येणारा मी एकटा, त्यामुळं अण्णांची पत्रं आजीला मीच वाचून दाखवायचो. एकच पत्र चार-चार वेळा. त्यात ठिकाण कधीच नसायचं, फौजी टपालाची रीतच तशी. मागं अण्णांचा नंबर, नाव आणि ‘मार्फत ९९ एपीओ’. आम्हाला तेव्हा वाटायचं, ९९ एपीओ हे गावच असेल कुठलंतरी. आजी शेजारणीला सांगायची, पोरगं नव्व्याण्णवला हाय. आता हवालदारांनी सांगितलं, फौजेचं टपाल दोन पत्त्यांवर जायचं. ५६ एपीओ, आणि पूर्वेकडच्यांसाठी कलकत्त्यावरून ९९ एपीओ. चुलतीनं ती पत्रं लग्नातल्या ट्रंकेत, कुंच्या-टोपड्यांच्या खाली ठेवलेली. सात निघाली. त्यातल्या दोनांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि डिसेंबर १९७१ ची तारीख स्वच्छ.

त्याच गाड्यांच्या ताफ्यातला अण्णांचा एक जोडीदार शेजारच्या तालुक्यात हयात होता. त्याला गाठलं. त्याच्या बुकात पूर्वी स्टार होता. त्यानं स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र दिलं, बुकाची झेरॉक्स दिली, आणि दोघं म्हातारे दुपारभर एकमेकांना पाकिस्तानी तोफेचे आवाज काढून दाखवत बसले.

दुसरा अर्ज मी तीन पानांचा केला. त्यात सुरुवातीलाच एक मुद्दा ठेवला. संग्राम मेडल त्या वेळी फौजेत असलेल्या प्रत्येकाला होतं, मग तो जवान सरहद्दीवर असो की डेपोत. अण्णा १९७१ ला नोकरीत होते हे तुमच्याच बुकात आहे. तरी ते मेडल त्यांच्या नावावर नाही. म्हणजे पात्रता नव्हती असं नाही, यादीतून नाव राहिलं असं आहे. एक राहिलं तर दुसरंही राहिलं असेल. बाकी शीट रोल, पत्रं, प्रतिज्ञापत्र मागं जोडलं. मूळ पत्रं दिली नाहीत, साक्षांकित प्रती दिल्या. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही हे मी तलाठ्याकडं शिकलोय.

उत्तराची वाट बघत असताना माझा पुतण्या अमेरिकेतून आला होता. त्यानं सांगितलं, तिकडं सेंट लुईस गावात १९७३ च्या जुलैत सैनिकांच्या कागदांच्या इमारतीला आग लागली आणि दीड कोटीच्या वर फायली जळाल्या. तिथंही म्हातारे पदकांसाठी अर्ज करतात, आणि कचेरी पगाराच्या पावत्या, रोजच्या हजेऱ्या असे दुसरीकडचे कागद जुळवून माणसाची नोकरी पुन्हा उभी करते. चूक निघाली की मूळ दाखल्याला दुरुस्तीचा वेगळा कागद जोडतात. म्हणजे आग लागूनही तिथं वाट आहे. आमच्याकडं आग लागली नव्हती, तरी पहिल्या उत्तरात एका ओळीत वाट बंद केली होती. हे मला अजून खुपतं. नाही पटलं तर मुंबईत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, तिथं जायची तयारी मी मनात केली होती. म्हशी विकून नव्हे, पण एक खोंड विकावा लागला असता.

ती वेळ आली नाही. दुसऱ्या अर्जाला चौदा महिने लागले. २०२४ च्या पावसाळ्यात रजिस्टर पत्र आलं. दोन्ही पदकांची नोंद मंजूर, ऑर्डरचा नंबर आणि तारीख, आणि दुरुस्तीसाठी डिस्चार्ज बुक पाठवावं. बुक पाठवायला अण्णा तयार होईनात. शेवटी त्याच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला, तेव्हा कुठं दिलं. महिन्याभरानं परत आलं. रकान्यात दोन नव्या ओळी, खाली सही आणि शिक्का. मेडलं सवडीनं येतील असं लिहिलं होतं.

अण्णांनी भिंग लावून त्या ओळी बघितल्या आणि मला मोठ्यानं वाचायला लावल्या. मग चुलतीला आतून बोलावलं आणि पुन्हा वाचायला लावल्या. चुलती म्हणाली, “एवढ्यासाठी माझी ट्रंक उपसली व्हय?” आणि पत्रांचा जुडगा परत मागून घेतला.

अण्णांच्या त्या जोडीदाराला ही बातमी कळल्यावर त्यानं आपलं बुक पुन्हा नीट बघून घेतलं. पूर्वी स्टार आहे, संग्राम मेडल नाही. त्याचा अर्ज मी गेल्या महिन्यात रजिस्टरनं टाकला. पोचपावती आली आहे.