शिवेवरचा दगड

२०२३ च्या ऑगस्टात लेकीकडं शेफिल्डला गेलो होतो. नातवाला कडेवर घेऊन हिंडण्यापलीकडं मला तिथं काही काम नव्हतं. पहिले आठ दिवस बरे गेले, नंतर मात्र करमेना. खेड्यातल्या माणसाला शहरात खेडंच आठवतं, मग ते शहर पुणे असो नाहीतर विलायतेतलं. लेकीला म्हटलं, "तुमच्या हितलं एखादं खेडं तरी दाखव." ती म्हणाली, "आण्णा, रविवारी जाऊ. पण ते गाव जरा निराळं हाय. प्लेगचं गाव म्हणत्यात त्याला."

प्लेग म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमची आजी त्याला पिलेग म्हणायची. तिच्या सासूनं तिला सांगितलेल्या गोष्टी तिनं आम्हाला सांगितल्या. घरात उंदीर पटापटा मरून पडायला लागले, की गाव उठायचं. गुरंढोरं, भांडीकुंडी, दळणाचं जातं घेऊन माणसं माळावर खोपी घालायची आणि महिनोन् महिने तिथं राहायची. गावात दिवा लावायला माणूस नसायचा. १८९६ साली मुंबईत मांडवीला सुरू झालेला तो आजार पुढं खेडोपाडी पोचला होता. १८९७ साली पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या त्या याच आजारात. तर असं हे आमच्या आठवणीतलं दुखणं, आणि त्याच्याच नावानं ओळखलं जाणारं गाव इंग्लंडात.

शेफिल्डपासून गाव वीसेक किलोमीटर. लिहितात 'एयाम' वाचावं असं, पण म्हणतात 'ईम'. रस्ता डोंगरातून जातो. माळावर जांभळी फुलं फुललेली, शेताशेताच्या मधे रचलेल्या दगडांचे बांध. आमच्या माण-खटावात तालीला दगड रचतात तसेच, मधे चुना नाही की माती नाही. गावात घरं करड्या दगडाची. पूर्वी इथं शिशाच्या खाणी होत्या, लोक निम्मे शेतकरी आणि निम्मे खाणकामगार.

गावात पाणवठे सजवले होते. लाकडी फळीवर ओली चिकणमाती थापायची आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्र काढायचं, ही डर्बीशायरातल्या गावांची जुनी चाल. मी लेकीला म्हटलं, "ही तर रांगोळीच की!" ती हसली.

गावाच्या मधोमध चर्च. सेंट लॉरेन्सचं. आधी आवारात शिरलो. इंग्रजांच्या खेड्यात देवळाचं आवार म्हणजेच दफनभूमी. म्हणजे दर रविवारी प्रार्थनेला जाताना माणूस आजा-पणजाच्या थडग्यांमधूनच आत जातो. आपल्याकडं स्मशान ओढ्याकाठी आणि देऊळ गावात, त्यामुळं मला ते आधी चमत्कारिक वाटलं.

आवारात उभा आहे एक दगडी क्रूस. आठव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे हे चर्च बांधायच्या कितीतरी आधीचा. तेव्हा तिथं सॅक्सन लोकांचं राज्य होतं. क्रूसावर वेलबुट्टी कोरलेली, माथ्यावर देवदूत, खाली बाळाला घेतलेली मेरी. मधला एक तुकडा हरवलेला आहे, त्यामुळं माथा थेट खालच्या खांबावर बसवलाय आणि सगळा क्रूस जरा बुटका दिसतो. आपल्याकडं वेशीजवळ पडलेला वीरगळ असतो ना, शेंदूर फासलेला, कुणाचा ते कुणालाच ठाऊक नसलेला, त्याची मला आठवण झाली.

दक्षिणेकडच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ. साधं नाही. वेळ तर दाखवतंच, शिवाय कुठल्या महिन्यात सूर्य कुठं असतो त्याच्या रेषा आहेत आणि लांबलांबच्या शहरांची नावं कोरलेली आहेत. एवढ्याशा खेड्यात बसून जगाचा हिशेब ठेवणारा कोणीतरी होता. जवळच एका क्रिकेटपटूचं थडगं दिसलं. हॅरी बॅगशॉ, डर्बीशायरकडून खेळायचा. दगडावर उडालेले स्टंप कोरलेत आणि वर पंचाचं वर केलेलं बोट. म्हटलं, गडी आऊट झाला, पण हसत.

आत गेलो. बांधणी समजायला आपलं देऊळ डोळ्यापुढं आणलं की पुरे. लोकांनी बसायचा लांबट भाग म्हणजे नेव्ह, तो सभामंडप. पूर्वेकडचा वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल, तो गाभारा. पश्चिमेला मनोरा, त्यात घंटा. मंडपाच्या दोन्ही अंगांना कमानींची रांग आणि कमानींपलीकडं पडव्या. एका पिढीनं सगळं बांधलेलं नाही. कमानींचं काम तेराव्या-चौदाव्या शतकातलं, मनोरा नंतरचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा बरीच डागडुजी झाली. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड नॉर्मन काळातलं, म्हणजे या कमानींपेक्षाही जुनं. वाड्याला जसा दर पिढीत एकेक सोपा वाढत जातो, तशी ही इमारत वाढत गेली. खर्चाची वाटणीही जुन्या काळी ठरलेली होती. चॅन्सेलची डागडुजी धर्मगुरूनं करायची, नेव्हची गावानं. धर्मगुरूला शेतमालाचा दहावा हिस्सा मिळायचा. बलुतं म्हणा हवं तर.

कमानींच्या वरच्या भिंतींवर चित्रं आहेत. बायबलमधल्या इस्रायलच्या बारा वंशांची चिन्हं. कितीतरी काळ ती पांढऱ्या चुन्याच्या थराखाली झाकलेली होती, विसाव्या शतकात चुना खरवडल्यावर वर आली. एका जागी हाडांचा सापळा रंगवलाय. तो बघितला आणि आपण कुठल्या गावात आलोय ते पुन्हा ध्यानात आलं.

१५३८ साली इंग्लंडात हुकूम निघाला, की प्रत्येक चर्चनं जन्माचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. म्हणजे चर्च हे गावाचं देऊळ तर होतंच, आणि एका अर्थी तलाठ्याची चावडीही. म्हणूनच साडेतीनशे वर्षांपूर्वी ईममध्ये कोण कधी मेलं, ते नावानिशी सांगता येतं.

१६६५ चा उन्हाळा. लंडनमध्ये प्लेगनं कहर मांडलेला. ईमच्या एका शिंप्याकडं लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज विकार्स यानं ते विस्तवाजवळ वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या असं मानतात. ७ सप्टेंबरला विकार्सला पुरलं. ते घर चर्चच्या शेजारीच आहे, बाहेर पाटी लावलीय. पुढं आजूबाजूची माणसं जायला लागली. हिवाळ्यात जरा ओसरलं, आणि १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकलं.

तेव्हा चर्चचा धर्मगुरू होता विल्यम मॉम्पेसन. वय अठ्ठावीस, गावात नवा. त्याच्या आधीचा थॉमस स्टॅन्ले गावातच राहत होता. राजाचा नवा प्रार्थनाविधी मान्य न केल्यामुळं त्याला काढून टाकलेलं. लोकांचा जीव स्टॅन्लेवर, खुर्ची मॉम्पेसनकडं. गावच्या राजकारणात अशी दोन माणसं एका ओट्यावर बसत नाहीत. पण ती बसली. जून १६६६ मध्ये दोघांनी मिळून लोकांपुढं तीन गोष्टी ठेवल्या. मेलेल्यांना चर्चच्या आवारात आणायचं नाही, ज्यानं त्यानं आपल्या शेतात, परड्यात पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये करायची नाही, जवळच्या कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, कुटुंबाकुटुंबानं अंतर ठेवून. आणि तिसरी सगळ्यात अवघड. गावाची शीव ओलांडून कुणी बाहेर जायचं नाही, म्हणजे आजार शेजारच्या गावांत जाणार नाही.

लोकांनी ते मानलं. चॅट्सवर्थच्या जमीनदारानं, डेव्हनशायरच्या अर्लनं, अन्नधान्य पाठवायचं कबूल केलं. शेजारच्या गावांतले लोक शिवेवरच्या दगडापाशी सामान ठेवून जायचे. ईमचे लोक दगडातल्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे. त्यानं विटाळ जातो अशी समजूत.

ऑगस्टात एका महिन्यात ७० हून जास्त माणसं गेली. गावाच्या कडेला राइली नावाच्या शेतावर एलिझाबेथ हॅनकॉक राहायची. आठ दिवसांत तिचा नवरा आणि सहा पोरं गेली. शिवायला कोण येणार? तिनं एकटीनं ती सातही मढी ओढत नेऊन पुरली. ती थडगी आजही तिथं आहेत, भोवती दगडाचं वर्तुळाकार कुंपण. नंतर ती शेफिल्डला राहिलेल्या एका मुलाकडं गेली असं सांगतात. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची बायको कॅथरिन गेली, सत्तावीस वर्षांची. ती मात्र चर्चच्या आवारातच आहे, त्या सॅक्सन क्रूसाजवळ. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा बळी गेला. मेलेल्यांचा आकडा साधारण २६० धरतात.

इथवर ऐकलं की माणूस हात जोडतो. पण इतिहास तेवढ्यावर थांबत नाही. मॉम्पेसननं आपली दोन लेकरं आधीच बाहेर पाठवली होती. ऐपत असलेली काही घरंही वेळेत निघून गेली. राहिले ते बहुतेक ज्यांना जायला जागा नव्हती ते. आणि गावात कोंडून घेतल्यानं उलट जास्त माणसं मेली का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. २०१६ साली नोंदवहीतल्या तारखांवरून एक अभ्यास झाला. त्याचं म्हणणं, सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली, उंदरांकडून थोडी. आमच्या आजेसासवा-पणज्या गाव सोडून माळावर गेल्या. उंदरांपासून लांब, आणि खोपी एकमेकींपासून लांब. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं.

चर्च बघून झाल्यावर लेकीला म्हटलं, मला तो दगड बघायचाय. स्टोनी मिडलटनकडं जाणाऱ्या पायवाटेवर, कुरणात तो पडलाय. साधा दगड, वर सहा भोकं. येणारे-जाणारे त्यात चिल्लर टाकतात. मी त्याच्याजवळ बसलो आणि मला आमची शीव दिसायला लागली.

२०२० च्या एप्रिलात आम्ही गाव बंद केलं होतं. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि पोरांच्या पाळ्या लावल्या. त्या दिवशी पाळी माझी होती. धाकटा चुलतभाऊ मुंबईहून आला, बायको आणि दोन पोरांना घेऊन. निम्मी वाट चालत, निम्मी कांद्याच्या टेंपोत. फांद्यांपलीकडं उभा राहून म्हणाला, "दादा, फांदी सरकीव." मी सरकवली नाही. गावानं ठरवलंय म्हणालो. चुलती पळत आली. "आरं, पोरगं हाय माझं त्ये," म्हणाली. मी तिलाही आडवलं. त्यांना गावाबाहेरच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. चुलती रोज सकाळी शाळेपुढच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि वीस पावलं मागं सरून उभी राहायची. त्यांच्यातलं कुणीही आजारी पडलं नाही. पण त्यानंतर तो गावात मुक्कामाला कधी राहिला नाही. जत्रेला येतो, नारळ फोडतो, आणि सांजच्या गाडीनं परत जातो.

दगडाजवळून मी त्याला फोन लावला. आपल्याकडं रात्र झाली होती. कुठं आहे, काय बघतोय ते सगळं सांगितलं. चर्चचं, बाईनं ओढलेल्या मढ्यांचं, दगडातल्या भोकांचं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, एक सांग. त्यांचा दगड आतल्या लोकांनी ठेवलावता का भाईरच्या?"

"आतल्यांनी," मी म्हणालो. "आपला आजार दुसऱ्याला जाऊ नये म्हणून."

"मग आपली फांदी येगळी व्हती," तो म्हणाला.

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तरी ते तीन वर्षं उशिराचं होतं. एवढंच म्हणालो, "व्हय. येगळीच व्हती. माझं चुकलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागं त्याच्या घरात टीव्ही चालला होता तो ऐकू येत होता. मग म्हणाला, "तू तरी काय करणार व्हतास? गावानं ठरवलंवतं." आणि जरा थांबून, "त्या गुरूचं म्होरं काय झालं?"

ते मी वाचलं होतं. मॉम्पेसन काही वर्षांनी इकरिंग नावाच्या दुसऱ्या गावात धर्मगुरू म्हणून गेला. तिथले लोक त्याला भ्यायले. प्लेगच्या गावचा माणूस. म्हणतात की त्याला काही काळ गावाबाहेर एका झोपडीत राहावं लागलं.

"म्हंजी त्यालाबी शाळंत ठेवला," भाऊ म्हणाला आणि हसला. फोनवर त्याचं तसलं हसू मी लई दिवसांनी ऐकलं.

दर ऑगस्टात शेवटच्या रविवारी ईमचे लोक मिरवणुकीनं त्या घळीत जातात आणि उघड्यावर प्रार्थना करतात. १८६६ साली, त्या मरणांना दोनशे वर्षं झाली तेव्हा ही रीत सुरू झाली. कॅथरिनच्या थडग्यावर फुलं ठेवतात. गावानं आपली कुठली गोष्ट लक्षात ठेवायची ते ठरवलंय, आणि दरवर्षी ती पायी चालून आठवतात. आम्ही आमच्या त्या उन्हाळ्याबद्दल बोलतच नाही. फांद्या तर पहिल्या पावसातच कुणीतरी चुलीला नेल्या.

खिशात दोन पेन्सचं नाणं होतं. ते एका भोकात ठेवलं आणि उठलो. येत्या जत्रेला भाऊ मुक्कामाला येतो म्हणालाय. चुलतीला अजून सांगितलेलं नाही. तो आल्यावरच कळू दे तिला.