पेणचं मीठ आणि पोटातलं बाळ

पेणच्या खारेपाटात मीठ पिकायचं. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि वाफ्यांत जमलेला खडा ओढून काढायचा, ही आगरी घरांची पिढीजात विद्या. हेच मीठ घाट चढून देशावर जाई.

समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन आलंच, असा किनाऱ्यावरचा जुना समज. तो खोटा आहे. समुद्राच्या पाण्यातच आयोडीन अत्यल्प, खड्यात तर जवळजवळ नाहीच. गरोदरपणी आईला त्याची फार कमतरता पडली, तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते. मूल मुकं-बहिरं, ठेंगणं राहू शकतं. किनाऱ्यावर मासळीने बरीच भरपाई होते, म्हणून पेणच्या मिठावर थेट दोष ठेवणं अन्यायाचं ठरेल. हिमालयाच्या पायथ्याशी मात्र हाल भीषण होते. १९५० च्या दशकात कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ वाटलं, आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड ओसरला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

पुढे मिठाचा कायदा डळमळला. खाण्यासाठी साधं, आयोडीन नसलेलं मीठ विकण्यावर १९९८ मध्ये बंदी आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा तो नियम रद्द ठरवला, पण सरकारला सहा महिन्यांची मुदत दिली. त्याच वर्षी अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत बंदी कायम झाली. मासळी खारवायला साधं मीठ चालतं, ताटात नाही. या चढउतारात लहान मिठागरवाल्याची ओढाताण झाली खरी, तरीही पोटातल्या बाळाच्या बाजूने लागलेला हा निर्णय योग्यच होता.

आयोडीनची कमतरता हे बाळातल्या व्यंगाचं फक्त एक कारण. फॉलिक ॲसिडची उणीव, गरोदरपणातला रुबेला, गुणसूत्रांतले बदल, काही औषधं अशी इतरही आहेत. पुष्कळदा कारण सापडतच नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांकडे संशयाने पाहिलं जातं, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. प्रदूषणाने इजा झाल्याचं दाखवता आलं, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे पाच वर्षांच्या आत भरपाई मागता येते.

सोनोग्राफीत गंभीर व्यंग दिसलं, तर गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात कायदेशीर आहे. पैसे घेणाऱ्या दवाखान्याने हलगर्जीपणा केला असेल, तर ग्राहक आयोगात दाद मागायला साधारण दोन वर्षं मिळतात. त्यासाठी सगळे अहवाल जपून ठेवावेत. जन्मलेल्या मुलाला २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं संरक्षण आहे.

वकिलाच्या फीच्या धास्तीने कुणी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे आईने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.