भारतीय विद्यापीठांतील पर्यावरण व शाश्वतता शिक्षण

भारतीय विद्यापीठांतील पर्यावरण व शाश्वतता शिक्षण म्हणजे निसर्ग, समाज आणि अर्थव्यवस्था यांच्या परस्परसंबंधांचे ज्ञान सर्व विद्याशाखांतील विद्यार्थ्यांना मिळावे, यासाठी उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमात केलेली व्यवस्था होय. ही व्यवस्था दोन पद्धतींनी करता येते. पहिल्या पद्धतीत सर्वांसाठी एक स्वतंत्र, सक्तीचा विषय ठेवला जातो. दुसरीत शाश्वततेचा विचार प्रत्येक विषयाच्या अध्यापनात समाविष्ट केला जातो. तिला एकात्मिक पद्धती म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील आदेशानंतर भारतात पहिली पद्धत रूढ झाली. या दोन पद्धतींपैकी कोणती अधिक परिणामकारक, हा या क्षेत्रातील प्रमुख वादाचा मुद्दा आहे.

पार्श्वभूमी

१९७२ साली स्टॉकहोम येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेने पर्यावरण शिक्षणाची शिफारस केली. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) यांची भर पडली. त्यांनुसार पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९७७ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे युनेस्कोने भरविलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीय असावे, अशी भूमिका घेतली. १९८७ च्या ब्रंटलंड आयोगाच्या अहवालामुळे 'शाश्वत विकास' ही संकल्पना सर्वतोमुखी झाली. १९९० मध्ये फ्रान्समधील तालवार येथे विद्यापीठप्रमुखांनी दहा कलमी जाहीरनामा स्वीकारला. अध्यापन, संशोधन आणि परिसराचे व्यवस्थापन या सर्वांत शाश्वततेला स्थान देण्याचे आश्वासन त्यात आहे.

न्यायालयीन आदेश

विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी संविधानाच्या अनुच्छेद ३२ अन्वये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय दिला. चित्रपटगृहे, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांद्वारे पर्यावरणविषयक प्रबोधन करण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. विद्यापीठांनी पर्यावरणाचा अभ्यासक्रम सुरू करावा यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पावले उचलावीत, तसेच महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रत्येक स्तरावर तो सक्तीचा करण्याची शक्यता तपासावी, असेही निर्णयात म्हटले होते. प्रत्यक्ष अंमलबजावणीस मात्र दशकाहून अधिक काळ लागला आणि न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले.

आयोगाचा गाभा अभ्यासक्रम

विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्यातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक एरक भरुचा यांनी लिहिले. भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होत. अभ्यासक्रमाची विभागणी ५० तासिकांत पुढीलप्रमाणे होती:

• पर्यावरण अभ्यासाचे बहुविद्याशाखीय स्वरूप – २
• नैसर्गिक संसाधने – ८
• परिसंस्था – ६
• जैवविविधता व तिचे संवर्धन – ८
• प्रदूषण – ८
• सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण – ७
• लोकसंख्या आणि पर्यावरण – ६
• क्षेत्रकार्य – ५

मूल्यमापन १०० गुणांचे होते. त्यांपैकी ७५ गुण लेखी परीक्षेसाठी, तर २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले होते. नदी, वन, टेकडी किंवा प्रदूषित स्थळाला भेट देऊन विद्यार्थ्याने नोंदी कराव्यात, अशी त्यामागील अपेक्षा होती.

एकात्मिक पद्धती

या पद्धतीत वेगळा विषय न वाढवता मूळ विषयाच्या आशयातूनच शाश्वततेचे प्रश्न हाताळले जातात. त्याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे:

विधी: १९९६ च्या वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषकाने भरपाई द्यावी' आणि 'खबरदारी' ही दोन्ही तत्त्वे भारतीय कायद्याचा भाग असल्याचे मान्य केले. त्यांचा अभ्यास दायित्वाच्या सिद्धान्ताबरोबर करता येतो.

अर्थशास्त्र: कारखान्याच्या सांडपाण्याचा खर्च उत्पादनाच्या किमतीत धरला जात नाही, तो नदीकाठच्या लोकांना सोसावा लागतो. 'बाह्य परिणाम' ही संकल्पना अशा उदाहरणांतून स्पष्ट होते.

स्थापत्य अभियांत्रिकी: सिमेंट तयार करताना चुनखडी तापविल्याने कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो. हे उत्सर्जन इंधनाच्या ज्वलनातून होणाऱ्या उत्सर्जनाव्यतिरिक्त असते. त्यामुळे बांधकाम साहित्याची निवड करताना मजबुतीबरोबर हाही निकष विचारात घ्यावा लागतो.

रसायनशास्त्र: पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे कचरा निर्माण झाल्यावर त्यावर प्रक्रिया करण्याऐवजी तो निर्माणच होऊ न देण्यावर भर देतात.

क्षेत्रकार्यावर आधारित अध्यापनाचे महाराष्ट्रातील एक उदाहरण म्हणजे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले ग्रामीण तंत्रज्ञानविषयक केंद्र 'सितारा' होय. तेथील पदव्युत्तर विद्यार्थी गावांत राहून पाणी, ऊर्जा आणि शेती यांच्या प्रश्नांचा अभ्यास करतात.

टीका आणि मर्यादा

स्वतंत्र विषयामुळे प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत किमान माहिती पोहोचते आणि जबाबदारी निश्चित होते, हा त्याचा मुख्य लाभ मानला जातो. तथापि, अनेक ठिकाणी हा विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरतो. अध्यापन बहुधा अन्य विषयांच्या शिक्षकांकडे सोपविले जाते. मोठ्या वर्गांमुळे क्षेत्रकार्याची जागा छापील प्रकल्पवह्या घेतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पर्यावरण विज्ञान हा विषय सक्तीचा, परंतु श्रेयांकविरहित होता. सक्ती असूनही श्रेयांक नसल्याने विद्यार्थ्यांच्या लेखी विषयाचे महत्त्व घटते, असा आक्षेप अशा रचनेवर घेतला जातो. वेगळ्या विषयामुळे उर्वरित अभ्यासक्रम जसाच्या तसा राहतो, ही याहून मूलगामी टीका आहे. प्रदूषणाची कारणे एका तासिकेत शिकणारा विद्यार्थी पुढच्याच तासिकेत ती कारणे विचारात न घेणारे उत्पादनशास्त्र शिकतो.

एकात्मिक पद्धतीच्याही अडचणी आहेत. तिला प्रत्येक शिक्षकाची तयारी, नवी पाठ्यसामग्री आणि विभागांमधील सहकार्य लागते. जबाबदारी सर्वांची ठरल्यामुळे ती प्रत्यक्षात कोणीच न घेण्याचा धोका असतो. तिचे मूल्यमापनही कठीण असते. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रमाणन परिषदेच्या निकषांत पर्यावरण व शाश्वतता यांचा अभ्यासक्रमात अंतर्भाव केला आहे का, याची विचारणा होते. परंतु अशा विषयांचा उल्लेख असलेल्या अभ्यासपत्रिकांची यादी दिल्याने अध्यापनातील बदल सिद्ध होत नाही. या कारणांमुळे, एक पायाभूत विषय कायम ठेवून त्याच्या जोडीला प्रत्येक विद्याशाखेत संबंधित आशय समाविष्ट करावा, असा मध्यममार्गही सुचविला जातो.

नंतरची वाटचाल

२००७ मध्ये अहमदाबाद येथे चौथी आंतरराष्ट्रीय पर्यावरण शिक्षण परिषद झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून पाळले. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांपैकी लक्ष्य ४.७ याच विषयाशी संबंधित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पर्यावरण शिक्षणाचे श्रेयांकाधारित अभ्यासक्रम व प्रकल्प सुचविले असून त्यांत हवामानबदल, कचरा व्यवस्थापन, स्वच्छता आणि जैवविविधतेचे संवर्धन यांचा समावेश केला आहे. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवी स्तरासाठी चार श्रेयांकांचा आराखडा मांडला. त्यात हवामानबदलाला स्वतंत्र घटक म्हणून स्थान देण्यात आले आहे.

हे सुद्धा पहा

• शाश्वत विकास
• पर्यावरणशास्त्र
• विद्यापीठ अनुदान आयोग
• राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०