पार्सलबांधणी, पर्यावरणस्नेही

घरून टपालाने किंवा कुरिअरने पाठवायच्या वस्तू बांधताना पुन्हा वापरता येणारे, रद्दीत जाऊन लगदा होणारे किंवा मातीत कुजणारे साहित्य निवडण्याची पद्धत. ती नवी नाही. टपालाची पार्सले कापडात शिवून, लाखेची मोहोर लावून जात. कोकणातला हापूस लाकडी पेटीत भाताच्या पेंढ्यावर बसून मुंबईला येई. हवेच्या फुग्यांचे प्लॅस्टिक (बबल रॅप) १९५७ मध्ये अमेरिकेत तयार झाले, तेही भिंतीला लावायचा कागद म्हणून; वेष्टनात ते पुढे रुळले. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी आणली, पण पार्सलातून थर्माकोल अजूनही घरात येतो.

सर्वांत चांगला खोका म्हणजे घरात आधीच आलेला खोका. पुस्तके वा कपडे थोडे असतील तर तीन थरांचा नालीदार पुठ्ठा पुरतो. काच, भांडी आणि जड सामानाला पाच थरांचा लागतो. जुन्या खोक्याचे कोपरे दाबून पाहावेत. पावसाळ्यात ओल धरलेला पुठ्ठा मऊ पडतो आणि तो वापरू नये, कारण आतली वस्तू फुटली तर ती बनवायला लागलेले सगळे साहित्यही वाया जाते. खोका वस्तूपेक्षा फार मोठा नसावा. कुरिअर कंपन्या परदेशी पार्सलाचे आकारमानावरूनही वजन धरतात (सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार, भागिले साधारणपणे ५०००), म्हणजे रिकाम्या जागेचेही पैसे पडतात.

भराव म्हणून चुरगळलेली रद्दी, जुन्या सुती साड्यांचे तुकडे किंवा कागदाच्या कात्रणांचा चुरा उत्तम. खोका हलवल्यावर आत काही सरकता कामा नये. दिवाळीचा फराळ मात्र वर्तमानपत्रात गुंडाळू नये; छपाईची शाई खाद्यपदार्थाला लागू नये, असे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावले आहे. चकल्या-अनारसे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून रद्दी डब्याभोवती घालावी. बंद करायला प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीऐवजी पाण्याने ओली करून लावायची कागदी पट्टी घेतली, तर खोका पट्टीसकट रद्दीत देता येतो.

‘कुजणारे’ असा शिक्का असलेल्या प्लॅस्टिकवर सरसकट विसंबू नये. मक्यासारख्या पिकांपासून बनणारे पीएलए नीट कुजायला साठेक अंश सेल्सिअस तापमानाचा कारखानी खतप्रकल्प लागतो. घरच्या खताच्या कुंडीत ते दीर्घकाळ तसेच राहते. पिठूळ स्टार्चचे भरावाचे तुकडे त्या मानाने खरे: ते पाण्यात विरघळतात, आणि तीच त्यांची परीक्षा.

परदेशी पाठवताना पेंढा टाळावा. त्यातून कीड व पिकांचे रोग जातात म्हणून ऑस्ट्रेलिया तो वेष्टनात येऊ देत नाही. अनेक देशांत कच्च्या लाकडाच्या पेटीवर कीडनाशक प्रक्रियेचा शिक्का लागतो. उष्णतेने प्रक्रिया करायची तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवावे लागते. पुठ्ठा आणि कागद यांना हा नियम लागू नाही.