रामन राघवचा कानून

रामन राघववर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. १९६८ सालचा पावसाळा ज्यांनी मुंबईच्या उपनगरांत काढला त्यांना हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींकडेही त्या दिवसांच्या गोष्टी आहेतच. गच्चीवर झोपणं बंद झालं होतं, चाळीतले पुरुष काठ्या घेऊन आळीपाळीने जागायचे, आणि मुलांना "झोप, नाहीतर..." एवढं म्हटलं तरी पुरायचं. पण या सगळ्या गोष्टी तो पकडला गेला तिथेच संपतात. फार तर कोंबडीच्या किश्श्यापर्यंत जातात. मला त्यानंतरचा भाग जास्त छळतो. हा माणूस वेडा की शहाणा हे ठरवायला कोणी कोणाला नेमकं काय विचारलं, आणि उत्तरं इतकी वेगवेगळी का आली, तो भाग.

आधी थोडक्यात हकिकत. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या कडेने पूर्व उपनगरांत झोपडीत किंवा रस्त्यावर झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. तेव्हाही पोलिसांनी त्याला एकदा धरलं होतं, पण पाहणारा कोणी नाही, पुरावा नाही, म्हणून सोडावं लागलं. १९६८ मध्ये पुन्हा तेच सुरू झालं. तपास क्राइम ब्रँचच्या रमाकांत कुलकर्णींकडे आला, आणि २७ ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला वर्णनावरून ओळखून पकडलं. जवळ काय सापडलं, तर चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि काहीतरी गणितं मांडलेले दोन कागद. बरेच दिवस तो बोलेना. मग काय हवंय असं विचारल्यावर त्याने मुर्गी मागितली, खाल्ली, आणखी मागितली, मग केसांना तेल, कंगवा, आरसा... आणि मग सगळं सांगून टाकलं. झुडपांत लपवलेली हत्यारंही काढून दिली. वीसहून जास्त खून त्याच्या नावावर धरले जातात. मेलेली माणसं जवळजवळ सगळीच गरीब, उघड्यावर नाहीतर कुडाच्या घरात झोपणारी. त्यांची नावं आज कोणालाच आठवत नाहीत, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

खटला मुंबईच्या सेशन्स कोर्टात १९६९ च्या जूनमध्ये उभा राहिला. बचावाच्या वकिलांनी सुरुवातीलाच अर्ज दिला. अर्जात दोन गोष्टी होत्या. एक, हा माणूस आज स्वतःचा बचाव करायला मनाने समर्थ नाही. दोन, खून केले तेव्हाही त्याला आपण काय करतोय किंवा ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं.

बोलताना आपण या दोन्हींची एकच गोष्ट करून टाकतो. "वेडा होता की नव्हता" एवढंच विचारतो. कायद्यात मात्र त्या दोन वेगळ्या खोल्या आहेत. पहिली आजची. समोर चाललेलं कामकाज आरोपीला कळतं का, वकिलाला तो काही सांगू शकतो का? नसेल तर खटला थांबवायचा, त्याला उपचाराला पाठवायचं, बरा झाला की पुन्हा चालवायचा. यात सुटका वगैरे नाही. दुसरी खोली त्या रात्रीची, म्हणजे गुन्ह्याच्या क्षणाची. ती भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमातली. माणूस त्या वेळी शहाणा असून आज वेडा असू शकतो, आणि उलटही.

हे ८४ वं कलम आलं कुठून, तेही मजेशीर आहे (मजेशीर हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो). २० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या माणसाने एडवर्ड ड्रमंडला गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव, आणि याला वाटलं होतं की हेच पील. टोरी पक्षाचे लोक आपल्या मागावर आहेत, आपल्याला जगू देत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत होती. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. फोर्ब्ज विन्स्लो नावाच्या डॉक्टरने तर आरोपीला न तपासता, नुसतं कोर्टात बसून खटला ऐकून मत दिलं! ज्युरीने वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. मॅकनॉटन पुढे वेड्यांच्या इस्पितळातच राहिला आणि १८६५ मध्ये वारला, पण तेव्हा निकालावरून गदारोळ झाला, राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली. मग हाऊस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांनाच प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून एक नियम तयार झाला. मनाच्या रोगामुळे आपण काय करतोय हे कळत नसेल, किंवा कळत असूनही ते चूक आहे हे कळत नसेल, तरच माफी. १८६० च्या आपल्या दंड संहितेने जवळपास तोच धागा उचलला.

नुसतं "कळतं का" एवढंच. "आवरता येतं का" हे विचारायचंच नाही. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात १८८६ साली लक्ष्मण दगडूचा खटला झाला. तापाने हैराण झालेला, बारीकशा आवाजानेही चिडणारा हा बाप. मुलांच्या रडण्याने संतापून त्याने पोटच्या पोरांनाच मारलं. कोर्टाने म्हटलं, काय करतोय हे त्याला कळत होतं. संपलं.

तर रामन राघव. कोर्टाने त्याला पोलिस सर्जनकडे पाठवलं. त्यांनी २८ जून ते २३ जुलै १९६९ असं जवळजवळ महिनाभर निरीक्षण केलं आणि कळवलं की याला सायकोसिस नाही, मतिमंदही नाही. स्मरणशक्ती चांगली, बुद्धी सर्वसाधारण, आपल्या कृत्याचं स्वरूप आणि हेतू त्याला माहीत आहे, कामकाज समजतं, आणि वेडा म्हणून सर्टिफिकेट देण्याजोगा तो नाही.

हे शेवटचं वाक्य मी कितीदा तरी वाचलं. सर्टिफिकेट देण्याजोगा म्हणजे कशाचं सर्टिफिकेट? ही भाषा तेव्हा लागू असलेल्या १९१२ च्या लुनसी अ‍ॅक्टची. एखाद्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबायचं का, हे ठरवण्यासाठीची. म्हणजे दोन खोल्यांचा प्रश्न होता आणि उत्तरात तिसरीच खोली शिरली. डॉक्टरांनी लबाडी केली असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण जो माणूस जेवण नीट मागतो, तारीख-वार सांगतो, आरडाओरडा करत नाही, तो त्या चौकटीत शहाणाच दिसणार.

खटला पुढे चालला. रामन राघवने गुन्हा कबूल केला. बचावातर्फे नायर हॉस्पिटलचे एक मानसोपचारतज्ज्ञ उभे राहिले. त्यांनी आर्थर रोड तुरुंगात त्याला तपासलं होतं. त्यांचं मत असं, की याला पुष्कळ दिवसांपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण माणसं मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं. वाचताना पहिल्यांदा हे ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. आमचे एक काका स्पष्टच म्हणाले, "अरे, हत्यार लपवतो म्हणजे कळत असणारच ना." बिनतोड आहे. कोर्टालाही बचाव पटला नाही, फाशीची शिक्षा झाली. अपील करायला त्याने नकार दिला.

इथे मी थांबतो दर वेळी. गुन्हा कबूल, अपील नको. एका शहाण्या माणसाचे दोन निर्णय म्हणून हे कागदावर नोंदले गेले. ते खरंच निर्णय होते का?

फाशीच्या बाबतीत आपल्याकडे एक नियम आहे. आरोपीने अपील करो न करो, उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय फाशी देता येत नाही. केवळ त्यामुळे हे प्रकरण वर गेलं. उच्च न्यायालयाने सर्जन जनरलना सांगून तीन मानसोपचारतज्ज्ञांचं खास मंडळ नेमायला लावलं. प्रश्नही नीट वेगळे करून दिले. हा मनोविकल आहे का? आणि त्यामुळे बचाव करायला असमर्थ आहे का? सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली असती, तर शिक्कामोर्तबाचा प्रश्नच आला नसता, आणि अपील न करणाऱ्या माणसाला पुन्हा कोणी तपासलंही नसतं. फासाची दोरी होती म्हणून तपासणी झाली!

मंडळाचे डॉक्टर त्याला पाच वेळा भेटले, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास. आणि आतलं सगळं बाहेर आलं. जगं दोन आहेत, एक हे आणि एक 'कानून'चं. आपण कानूनचे प्रतिनिधी, आपण शक्ती. लोक आपल्याला बाई बनवायला टपलेत, पण जमणार नाही, कारण आपण १०१ टक्के पुरुष. देशात सरकारं तीन आहेत, अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं. चोऱ्या करायला आपल्याला मुंबईत आणलं तेही सरकारनेच. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर त्याने हात मिळवला नाही. कानूनचा माणूस या दुष्ट जगातल्या लोकांना शिवत नाही म्हणे.

आता नायरच्या डॉक्टरांचं वाक्य पुन्हा वाचा. ज्याचा कायदाच दुसरा आहे, त्याला "हे कायद्याविरुद्ध आहे हे कळत होतं का" असं विचारलं तर तो कुठल्या कायद्याबद्दल उत्तर देईल? काकांच्या मुद्द्यालाही इथे थोडं उत्तर आहे. टपलेल्या शत्रूपासून हत्यार लपवायला शहाणपण लागत नाही, शत्रू आहे असं वाटणं पुरतं. अर्थात ही माझी जोडाजोड. काकांना पटलेली नाही.

४ ऑगस्ट १९८७ च्या निकालाने उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, कारण आजार बरा न होणारा होता. नीट पाहिलं तर तो निर्दोष ठरला नाही, ८४ व्या कलमाचा फायदा मिळाला नाही. त्या रात्रीच्या खोलीचं दार बंदच राहिलं, फक्त फास टळला. तो पुण्याला येरवड्यात होता, १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने गेला.

पुढे काही बदललं, काही नाही. पुण्याच्याच एका पोलीस शिपायाने बायकोच्या डोक्यात दगड घालून तिला मारलं होतं. त्याचा आधीपासूनचा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, घराण्यातला आजार, उपचारांचे जुने कागद हे सगळं पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला ८४ खाली सोडलं. आधीचे कागद होते म्हणून! फुटपाथवर राहणाऱ्याकडे केसपेपर कुठून असणार? २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याच्या बाबतीत त्याच न्यायालयाने म्हटलं, की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी टाळायला कारण ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ८४ चं कलम २२ झालं. पहिल्या मसुद्यात 'मनोविकलते'च्या जागी 'मानसिक आजार' असा शब्द घातला होता. कायदा झाला तेव्हा जुनाच शब्द परत आला होता.

त्या वर्षी उपनगरांत राहिलेलं कोणी हे वाचत असेल तर प्रतिक्रियेत जरूर लिहा. खासकरून खटल्याच्या बातम्या घरी कशा वाचल्या गेल्या ते. तो पकडला गेला त्या दिवसाच्या आठवणी पुष्कळ ऐकल्या आहेत, १९६९ च्या जुलैबद्दल मात्र आमच्याकडे कोणालाच काही सांगता येत नाही.