खुलताबादचा रिकामा मकबरा

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव आहे. त्वरिता देवीच्या देवस्थानामुळे हे नाव मराठवाड्यात बहुतेकांना माहीत असते. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे इथेही मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. त्या सकाळी या भागातील मुसलमानाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी येतात. झेंडा आपला आहे, ही एक. आणि त्याच दिवसांना आपल्या घरातील म्हातारी माणसे 'पोलीस ॲक्शन' म्हणत आणि पुढचे बोलणे टाळत, ही दुसरी. कुणाचा जन्म ॲक्शनच्या आधीचा, कुणाचा नंतरचा, अशीच आमच्याकडे वये मोजली गेली.

या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आम्हाला अनेक वर्षे छळतो आहे. त्याचे उत्तर शोधताना हैदराबादच्या दरबाराबरोबरच इस्तंबूल, पॅरिस आणि संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत जावे लागते.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने खिलाफत बरखास्त केली. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानातील मुसलमानांनी तुरुंगवास पत्करला, ती तुर्की मुसलमानांनीच मोडीत काढली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर जावे लागले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दरमहा ३०० पौंडांचे वेतन सुरू केले. १९३१ साली फ्रान्समधील नीस शहरात खलिफांची कन्या दुर्रुशहवार हिचा निकाह निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. संधान जुळवण्यात मौलाना शौकत अली पुढे होते. खलिफाचे घराणे आणि जगातील सर्वांत श्रीमंत समजला जाणारा मुस्लिम राजा एक झाले, आता खिलाफत हैदराबादेत येणार, असे अनेकांना वाटू लागले.

खलिफांच्या दफनासाठी निजामाने आमच्या मराठवाड्यात, खुलताबादला, मकबराही बांधून घेतला. अब्दुल मजीद १९४४ साली पॅरिसमध्ये वारले. त्यांचा देह दहा वर्षे तिथेच राहिला आणि १९५४ मध्ये मदिनेत दफन झाला. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला. त्याच्याइतके बोलके स्मारक या सगळ्या राजकारणाचे दुसरे नाही.

आता या मोठ्या स्वप्नात तलवाड्यासारख्या गावातील मुसलमान कुठे होता, ते पाहू. १९४१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख होती. मुसलमान सुमारे तेरा टक्के होते. मराठवाड्याच्या खेड्यांतील मुसलमान म्हणजे बागवान, तांबोळी, पिंजारी, खाटीक, विणकर, शिपाई आणि शेतमजूर. जमिनीचा मोठा भाग जागीरदारांच्या आणि देशमुखांच्या हाती होता, आणि त्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. अशा माणसाला इत्तेहादुल मुसलमीनने एक नवी शिकवण दिली : 'अनल मलिक', म्हणजे मीच राजा. निजाम हे केवळ प्रतीक, खरी सत्ता प्रत्येक मुसलमानाची, असा त्याचा अर्थ. ज्याच्या घरात दुसऱ्या वेळच्या भाकरीची खात्री नव्हती, त्याला 'तू राजा आहेस' असे सांगण्यात आले. मत दिले नाही, जमीन दिली नाही, शाळा दिली नाही. फक्त राजा असल्याची नशा दिली. आणि शेजारचा हिंदू मात्र त्या घटकेपासून प्रजा ठरला.

हे इस्लामला धरून होते काय? पहिले खलिफा हजरत अबू बकर यांची निवड ६३२ साली लोकांच्या बैअतीने झाली, वारशाने नव्हे. कुरआनच्या एका सूरेचे नावच 'शूरा' आहे, आणि शूरा म्हणजे सल्लामसलत. मदिनेच्या करारात यहुदी टोळ्यांनाही त्यांचा धर्म राखून सामील करून घेतले होते. बापाकडून मुलाकडे जाणारी गादी आपल्या इतिहासात नंतर आली, आणि यझीदच्या बैअतीला नकार देऊन हजरत इमाम हुसैन करबलात शहीद झाले. दर मुहर्रमला आपण त्यांची आठवण काढतो. मग इंग्रजांच्या आश्रयाने टिकलेली वंशपरंपरागत गादी 'इस्लामी' कशी ठरते, हा साधा प्रश्न त्या काळात फार थोड्यांनी विचारला.

ज्यांनी विचारला, त्यांना किंमत मोजावी लागली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर टीका केली आणि हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला. कवी मखदूम मोहिउद्दीन निजामाविरुद्धच्या शेतकरी लढ्यात होते. हैदराबादचा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असाच होता, असे सांगणाऱ्यांना ही नावे अडचणीची वाटतात. त्यात आपलेही लोक आहेत आणि परकेही.

लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी खेडोपाडी जे अत्याचार केले, ते झाकण्यात अर्थ नाही. लूट झाली, माणसे मारली गेली, हजारो कुटुंबे सरहद्दीपलीकडे पळाली. इकडे हे चालू असताना तिकडे निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीमार्गे चोरून शस्त्रे आणत होता. इस्लामी सल्तनतीच्या नावाने चाललेल्या लढ्याची शस्त्रे अशी भाडोत्री विमानांनी येत होती. ११ सप्टेंबरला जीना वारले, १३ तारखेला भारतीय फौजा शिरल्या. १६ तारखेला परिषदेने तक्रार विषयपत्रिकेवर घेतली आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. सप्टेंबर संपण्यापूर्वीच निजामाने तक्रारही मागे घेतली. उम्मतीचे कुठलेही राष्ट्र हैदराबादसाठी लढायला आले नाही.

त्यानंतर जे झाले, त्यापायीच आमचे वडीलधारे गप्प होत असत. रझाकारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तेव्हाचे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, त्यांच्या खालोखाल ज्या जिल्ह्यांची नावे आहेत, त्यांत बीड आहे. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल सर्वसामान्यांना पाहायला मिळाला तो २०१३ साली, पासष्ट वर्षांनी.

आणि राजे? निजाम राजप्रमुख झाले, त्यांना वर्षाला पन्नास लाखांचा तनखा मिळाला. पंतप्रधान मीर लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचले. कासिम रझवी १९५७ साली सुटले आणि तेही पाकिस्तानात गेले. खेड्यातला 'राजा' तेवढा मागे राहिला, आपली कबर आणि आपली भाकरी इथेच शोधत.

ही गोष्ट एकट्या हैदराबादची नाही. १९७१ मध्ये मुसलमान फौजेने बंगाली मुसलमानांवर बंदुका चालवल्या. इराण आणि इराक १९८० ते १९८८ आठ वर्षे लढले. १९८० च्या दशकात अफगाणिस्तानातील जिहादला अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रे पुरत होती. राष्ट्रांच्या राजकारणात धर्माचे नाव घेतले जाते, हिशेब मात्र सत्तेचा असतो. आणि हा हिशेब चुकवतो तो गावातला गरीब.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत गावातल्या बागवानाला आणि पिंजाऱ्याला एक मत मिळाले. पाटलालाही एकच मिळाले. 'अनल मलिक'ने जे तोंडाने दिले होते, ते राज्यघटनेने कागदावर दिले, आणि शेजाऱ्याला प्रजा न बनवता दिले. आम्हाला शूरेचा अर्थ इथे अधिक जवळचा वाटतो. या लोकशाहीत आमच्यावर अन्याय होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची जागा तिने दिली, गादीने कधीच दिली नव्हती.

म्हणून १७ सप्टेंबरला आपण झेंड्याजवळ उभे राहावे, मागे नव्हे, पुढे. शोएबुल्ला खान यांचे नाव मोठ्याने घ्यावे. रझाकारांनी मारलेल्यांसाठी मान खाली घालावी आणि ॲक्शननंतर मेलेल्यांसाठी फातेहा पढावा. ज्या दिवशी दोन्ही मृतांची नावे एकाच सभेत निघतील, त्या दिवशी आमच्या म्हाताऱ्यांचे ते अर्धवट राहिलेले बोलणे पुरे होईल.