ठोक्यांची रांग

रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 साली आलं. त्याच्या मागच्या बाजूला पाच पिनांचं एक गोल सॉकेट आहे. आजच्या कोणत्याही मिडी केबलचं टोक त्यात नीट बसतं, आणि काहीही घडत नाही. ते सॉकेट मिडीचं नाहीच. 808 तयार झालं तेव्हा मिडीचा जन्मच झालेला नव्हता.

या सॉकेटकडे मी वळलो तो मुंबईतल्या एका रेकॉर्डमुळे. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ललत, भूपाळी, मालकंस वगैरे. हाताशी रोलँडचीच तीन यंत्रं होती: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि ठेक्याला 808. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, ती चालली नाही, आणि 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर गाजली. शिकागोच्या ॲसिड हाउसच्या आधीचं हे ॲसिड हाउस, असा गवगवा झाला. त्या वादात मला रस नाही. माझा प्रश्न हिशेबनिसाचा आहे. यंत्रं एका लयीत राहिली कशी? आणि तोच ठेका आज 808 वर मिडीने वाजवला, तर तो तोच राहतो का?

ड्रम मशीन म्हणजे काय, हे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. 808 मध्ये अकरा वाद्यांच्या जागा आहेत आणि खाली सोळा बटणांची रांग. मात्रेचे चार भाग, अशा चार मात्रा. कोणत्या बटणावर कोणतं वाद्य वाजावं हे लक्षात ठेवणारा भाग म्हणजे सिक्वेन्सर. तो 808 च्या पोटातच आहे. आवाज मात्र कुठेही साठवलेले नाहीत. प्रत्येक ठोक्याला एका विद्युतमंडलाला धक्का बसतो, ते घुमतं आणि विरतं. म्हणजे तबल्यावर थाप पडते तसंच काहीसं.

आता ते सॉकेट. त्याला डिन सिंक म्हणतात. त्यातून दोनच गोष्टी जातात: एका पिनेवरून 'सुरू' आणि 'थांब', दुसरीवरून लयीचे स्पंद, दर मात्रेला 24. काय वाजवायचं हे त्यात नसतं, किती वेगाने एवढंच. 303 लाही असंच सॉकेट होतं, त्यामुळे दोन्ही यंत्रं एका केबलने बांधली जात. दोघं आपापलं लक्षात ठेवून वाजवत, लय एकच. माझ्या मते रोलँडने केलेली ही सगळ्यात देखणी सोय होती, आणि तिचा दोषही उघड आहे: ती रोलँडच्या घरातली बोली होती. दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं की खटके उडायचे. कॉर्ग दर मात्रेला 48 स्पंद पाठवायची.

हा गोंधळ मिटवायला पुढे आले दोघं: रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यप्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका केबलने जोडले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजू लागला. या भाषेसाठी कुणाकडून पैसे घेतले गेले नाहीत, म्हणून ती पसरली. स्वस्त पडावी म्हणून सॉकेट तेच पाच पिनांचं, स्पंदही तेच 24. पण डिन सिंकचे संकेत पहिल्या आणि तिसऱ्या पिनेवर असत, मिडीचे चौथ्या आणि पाचव्या. आधी सांगितलेली केबल नीट बसूनही मुकी राहते ती यामुळे.

स्वस्ताईची किंमत दुसरीकडे चुकवली गेली. मिडीत सगळे निरोप एकाच तारेवरून एकामागून एक जातात, सेकंदाला 31,250 बिट या वेगाने. एक ठोका म्हणजे तीन बाइट, प्रत्येक बाइटला दहा बिट. गणित केलं तर एका ठोक्याला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे किक, स्नेअर, हायहॅट आणि टाळी 'एकदम' वाजवायला सांगितली तरी ती रेशनच्या रांगेतून यावीत तशी येतात. (लयीच्या स्पंदाला मात्र ॲम्ब्युलन्ससारखी मधूनच वाट मिळते, अगदी दुसऱ्या निरोपाच्या दोन बाइटांमध्येही.)

एका ओळखीच्या ध्वनिमुद्रकाकडे मिडी बसवून घेतलेलं 808 आहे. एकच ठेका आम्ही आधी यंत्राच्या स्वतःच्या सिक्वेन्सरवर आणि मग बाहेरच्या सिक्वेन्सरवरून मिडीने वाजवला, आणि संगणकावर लहरी मोठ्या करून पाहिल्या. पहिल्यात किक आणि टाळी एकत्र उसळत होत्या, दुसऱ्यात टाळी किंचित मागे. कानाला हे दोन ठोके म्हणून ऐकू येत नाहीत. पण ठोक्याची धार बदलते, हे दोघांनाही जाणवलं. बाहेरच्या सिक्वेन्सरवर किक पहिल्या ट्रॅकवर ठेवायची जुन्या लोकांची सवय यातूनच आली असावी: रांगेत निदान ती तरी पुढे.

याहून मोठा फरक आघाताचा. 808 वर आघात देण्यासाठी एकच ओळ आहे. एखाद्या बटणावर आघात दिला की त्या क्षणी वाजणारं प्रत्येक वाद्य जोराने वाजतं. किक जोरात आणि हायहॅट हळू, हे त्या क्षणी जमत नाही. सगळा ठेका एकाच श्वासाने वर-खाली होतो, आणि 808 ची चाल म्हणतात ती बरीचशी यातून येते. मिडीत प्रत्येक ठोक्याला 1 ते 127 असा स्वतःचा जोर असतो. मिडी बसवलेलं 808 प्रत्येक वाद्याला तो वेगळा देऊ शकतं. हात सुधारतो, पण तो 1980 चा हात राहत नाही.

म्हणून या यंत्राशी बोलण्याचे दोन मार्ग मी वेगळे धरतो. बाहेरच्या सिक्वेन्सरकडून फक्त स्पंद घ्यायचे, मध्ये छोटा परिवर्तक लावून ते डिन सिंकमध्ये बदलायचे, आणि ठेका 808 लाच धरू द्यायचा. किंवा प्रत्येक ठोका बाहेरून पाठवायचा. मग 808 चा सिक्वेन्सर झोपतो आणि उरतात नुसते आवाज. तबला तोच, तबलजी दुसरा. चरणजीत सिंगांचा ठेका पुन्हा उभा करायचा असेल, तर पहिलाच मार्ग खरा. दुसऱ्या मार्गाने निघालेल्या ठेक्याला 'अस्सल 808' म्हणून खपवणं मला पटत नाही, आवाज कितीही अस्सल असले तरी.

दुसऱ्या मार्गाला मात्र त्याची स्वतःची जागा आहे. 808 वर ठेका सोळाहून लहान करता येतो, पण तो सगळ्याच वाद्यांचा एकदम. बाहेरच्या सिक्वेन्सरवर प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. आम्ही शेवटी टाळी झपतालासारखी दहावर फिरवली आणि किक सोळावर. दोघी पुन्हा एकत्र समेवर आल्या त्या ऐंशीव्या पायरीनंतर.